गुणवत्ता वाचवा : नव्या साहेबांसाठी काही सूचना

साहेब, अभिनंदन. कार्यालयप्रमुख झालात, म्हणजे प्रतिवेदन अधिकारीही झालात, हाताखालच्यांचे वार्षिक गोपनीय अहवाल लिहिणारे. हाताखालच्या तीस-चाळीस माणसांची लायकी आता दरवर्षी 31 मार्चनंतर तुमच्या पेनातून उतरणार. "आरक्षणानं गुणवत्तेचं वाटोळं केलं" हे वाक्य इतकी वर्षं कॅन्टीनमध्ये उभ्यानं चहा पिताना बोललात. आता खुर्ची मिळाली आहे, तर ते बसून अमलात आणा. फक्त एक पथ्य पाळा. कागदावर जात हा शब्द एकदाही येता कामा नये. तो येतो तिथं वकील येतो.

आधी गुणवत्ता म्हणजे काय ते नीट समजून घ्या, कारण इथंच नवे साहेब गोंधळतात. त्यांना वाटतं, चांगलं काम करतो तो गुणवान. असं काही नसतं. आपल्याकडे बहुतेक पदोन्नत्या 'ज्येष्ठता-अधीन-पात्रता' या तत्त्वावर होतात. मराठीत सांगायचं तर जो आधी लागला तो आधी चढणार, अगदीच अपात्र निघाला नाही तर. राज्यात 25 मे 2004 च्या शासन निर्णयानं पदोन्नतीत 33 टक्के आरक्षण होतं : अनुसूचित जातींना 13, जमातींना 7 आणि विमुक्त, भटके व विशेष मागास प्रवर्ग मिळून 13. उच्च न्यायालयानं 4 ऑगस्ट 2017 ला तो निर्णय रद्द केला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, आणि 7 मे 2021 ला शासनानं सगळी पदं सेवाज्येष्ठतेनं भरायला सांगितली. अनेक कार्यालयांत त्या दिवशी पेढे वाटले गेले. अखेर गुणवत्ता आली! आता ज्येष्ठता सूची उघडून बघा. कोणी किती फायली निकाली काढल्या, असा रकाना तिच्यात नाही. रुजू झाल्याची तारीख मात्र आहे. आरक्षण गेलं आणि त्याच्या जागी कॅलेंडर बसलं. पेढे खाताना हे कोणाच्या लक्षात आलं नाही, तुम्हीही लक्षात आणून देऊ नका.

अडचण अशी की कॅलेंडर जात बघत नाही. यादीत वरच्या नंबरवर नको तो माणूस निघू शकतो. तेव्हा 'पात्रता' या शब्दाकडे वळा. खरी कारागिरी तिथं आहे.

सुरुवात कार्यवाटपापासून करा. गोपनीय अहवालाची भाषा वर्षअखेर सुचते, पण त्याचा मजकूर एप्रिलमधल्या कार्यालयीन आदेशातच ठरलेला असतो. ज्याला वर न्यायचंय त्याला अधिवेशनातले तारांकित प्रश्न, जिल्हा वार्षिक योजनेचं टेबल आणि मंत्र्यांच्या बैठकांच्या टिप्पण्या द्या. वरिष्ठांना त्याचं नाव पाठ होईल. ज्याला थांबवायचंय त्याला आवक-जावक द्या, अभिलेख कक्ष द्या, माहिती अधिकाराचे अर्ज द्या आणि वर महालेखापालांचे वीस वर्षं जुने प्रलंबित परिच्छेद, म्हणजे जुन्या खर्चावरचे आक्षेप, द्या. हे परिच्छेद फार गुणकारी. ज्यानं तो खर्च केला तो केव्हाच निवृत्त झालेला असतो, प्रमाणकं सापडत नसतात, म्हणून ते निकाली निघत नाहीत आणि 'प्रलंबितता' याच्या नावावर चढते. निवडणुकीचं काम आलं की पहिलं नाव त्याचंच पाठवा. मार्चमध्ये 'वर्षातील उल्लेखनीय कामगिरी' या रकान्यासमोर तो पेन चावत बसेल. तुम्ही काहीच केलेलं नसेल.

आता शेरा. नवशिके साहेब इथं रागानं 'क', म्हणजे सर्वांत खालचा शेरा, देतात आणि फसतात. 'क' दिला की कारणं द्यावी लागतात, ज्ञापनं काढलेली असावी लागतात, माणूस न्यायाधिकरणात जातो. माणूस मारायचा तो कौतुकानं. 'अ' ऐवजी 'ब' द्या, म्हणजे नुसतं 'चांगला'. चांगला म्हटल्याबद्दल कोण भांडणार? बाजूला दोन ओळी : 'शांत स्वभावाचे आहेत. दिलेले काम करतात. मार्गदर्शन केल्यास प्रगती होईल.' या तिन्ही वाक्यांत एकही वाईट शब्द नाही, पण निवड समितीत बसलेल्याला बरोबर कळतं. 'दिलेले काम करतात' म्हणजे स्वतःहून काही करत नाहीत, आणि वीस वर्षं नोकरी झालेल्याला अजून मार्गदर्शन लागतं. आवडत्या माणसाला हेच उलटं लिहा. तो भांडखोर असेल तर 'ठाम', फायली दाबत असेल तर 'सखोल अभ्यास करतात'.

समिती साधारण मागच्या पाच वर्षांचे अहवाल बघते, म्हणून पाचही वर्षं बिघडवायची गरज नाही. मधलं एक पुरतं. सीमा रस्ते संघटनेतल्या देव दत्त या कार्यकारी अभियंत्याचं प्रकरण अभ्यासा. अधीक्षक अभियंतापदासाठी पाच वर्षं 'अतिउत्तम' लागत होतं. त्यांना 1993-94 या एकाच वर्षी 'चांगला' मिळालं आणि ते यादीतून बाहेर. तो शेरा त्यांना कोणी कळवलाही नव्हता, कारण 'चांगला' हा प्रतिकूल नव्हताच ना! सर्वोच्च न्यायालयानं 2008 मध्ये सांगितलं की प्रत्येक शेरा कळवलाच पाहिजे. न्याय झाला. तोवर देव दत्त निवृत्त झाले होते.

या निकालामुळं आता अहवालाची प्रत द्यावी लागते. द्या की. अभिवेदनाची, म्हणजे शेऱ्याविरुद्ध दाद मागण्याची, मुदत मोजकीच असते. माणूस जनगणनेच्या किंवा निवडणुकीच्या कामावर बाहेर असेल तेव्हा द्या, पोच मात्र आठवणीनं घ्या.

आणि जिथं 'ब' देण्याचंही धाडस होत नाही, तिथं तीन महिन्यांचा नियम कामाला येतो. एखाद्याचं काम किमान तीन महिने पाहिल्याशिवाय त्याचा अहवाल लिहिता येत नाही. मग त्याची शाखाच दर अडीच महिन्यांनी बदला, प्रत्येक ठिकाणी वेगळा प्रतिवेदन अधिकारी येईल असं बघून. 'प्रशासकीय सोय' एवढं कारण पुरतं. वर्षअखेर कोणालाच अहवाल लिहिता येत नाही, समितीपुढे धारिका अपुरी जाते आणि इतिवृत्तात नोंद होते : 'गोपनीय अहवाल उपलब्ध नसल्याने विचार करता आला नाही'. दोष कोणाचाच नसतो.

एवढ्यावरही कोणी टिकला तर मोहोरबंद पाकीट : चौकशी संपेपर्यंत समितीचा त्याच्याबद्दलचा निर्णय पाकिटात बंद. 1991 च्या जानकीरामन निकालानं इथं जरा अडचण केली आहे. नुसती तक्रार आली, प्राथमिक चौकशी सुरू आहे, एवढ्यावर पाकीट बंद करता येत नाही. दोषारोपपत्र बजावलेलं असावं लागतं. साहेब लोक वैतागतात, पण हा निकाल नीट वाचला तर ते वेळापत्रकच आहे. तक्रार आली की लगेच कारवाई करू नका. खणात ठेवा, दोन-तीन वर्षं मुरू द्या. पदोन्नती समितीच्या बैठकीची तारीख कळली की दहा दिवस आधी शिस्त व अपील नियम 1979 च्या नियम 8 खाली दोषारोपपत्र द्या. नियम 10 चं किरकोळ प्रकरण चटकन संपतं, ते टाळा. नियम 8 मध्ये चौकशी अधिकारी नेमायचा, सादरकर्ता अधिकारी नेमायचा, साक्षीदार बोलवायचे, त्यातला एक कायम रजेवर. निर्दोष सुटला तर पाकीट उघडतं आणि मागच्या तारखेनं पदोन्नती मिळते, हे खरं. पण मधल्या काळात खालचे तिघं वर गेलेले असतात आणि आता तो त्यांच्या केबिनबाहेर थांबतो.

बिंदूनामावलीशी, म्हणजे कोणतं पद कोणत्या प्रवर्गाला हे ठरवणाऱ्या क्रमवार यादीशी, भांडू नका, तिचा मान ठेवा. विभागीय आयुक्तालयातल्या मागासवर्ग कक्षाकडून ती तपासून घ्यायची असते. पाठवताना एखाद्या कर्मचाऱ्याचा जातीचा प्रवर्ग किंवा नियुक्ती आदेशाची तारीख चुकवा. त्रुटी निघते, नामावली परत येते, दुरुस्त करून जाते, तेव्हा आणखी एक चूक सापडते. प्रत्येक फेरीला दोन-तीन महिने धरा. नामावली प्रमाणित नाही म्हणून बैठक नाही, आणि बैठक नाही म्हणून 'कामाच्या निकडीस्तव' अतिरिक्त कार्यभार. तो कोणाला द्यायचा याला नामावली लागत नाही.

हुशार साहेब याच्याही एक पायरी पुढं जातात. 1998 मध्ये चंदीगडच्या वैद्यकीय संस्थेच्या प्रकरणात घटनापीठानं सांगितलं की संवर्गात, म्हणजे एका प्रकारच्या पदांच्या गटात, एकच पद असेल तर तिथं आरक्षण लागू करता येत नाही, कारण ते शंभर टक्के होईल. आता तुमच्याकडे एकाच कामाची, एकाच वेतनाची पाच पदं असतील तर त्यांना पाच नावं द्या : नियोजन, समन्वय, संनियंत्रण, मूल्यमापन आणि 'विशेष कार्य'. पाच एकाकी पदं झाली, सगळी खुली. मात्र पुढं या पाच जणांच्या एकमेकांच्या जागी बदल्या करू नका. पदं एकसारखीच आहेत याचा पुरावा तुमच्याच सहीनं तयार होतो.

हे सगळं देशी वाटून कमीपणा येत असेल तर अमेरिकेचा दाखला देत जा. तिकडे जात नाही, वंश आहे, पण कारागिरी ओळखीची वाटेल. नॉर्थ कॅरोलायनातल्या ड्यूक पॉवर कंपनीच्या डॅन रिव्हर वीजकेंद्रात 95 कामगार होते. त्यातले 14 काळे, सगळे एकाच, सर्वांत कमी पगाराच्या मजूर विभागात. त्या विभागातला सर्वांत जास्त पगार बाकी विभागांतल्या सर्वांत कमी पगारापेक्षा कमी होता. 1955 मध्ये कंपनीनं मजूर विभाग सोडून इतरत्र लागायला हायस्कूल पास असण्याची अट घातली. नोकरीतला वंशभेद बेकायदा ठरवणारा कायदा 2 जुलै 1965 ला लागू झाला, आणि नेमक्या त्याच दिवसापासून दोन योग्यता चाचण्यांची अट आली. त्यातली एक 12 मिनिटांत 50 प्रश्नांची. वंशाचा उल्लेख कुठंही नाही! 1960 च्या जनगणनेनुसार त्या राज्यात 34 टक्के गोरे पुरुष हायस्कूल झालेले होते आणि काळे 12 टक्के, एवढीच काय ती बारीकशी गोष्ट.

घोटाळा झाला तो पुढं. आधीपासून असलेल्या गोऱ्या कामगारांकडे हायस्कूलचं प्रमाणपत्र नव्हतं, त्यांनी चाचण्या दिल्या नव्हत्या, तरी ते बॉयलर नीट चालवत होते आणि बढत्याही घेत होते. 8 मार्च 1971 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं एवढंच विचारलं की या अटीचा त्या कामाशी संबंध काय. सरन्यायाधीश बर्गर यांनी तर कोल्हा आणि करकोच्याची गोष्ट काढली. दूध दोघांना देता, पण भांडं कोणाच्या तोंडाचं आहे तेही बघा, म्हणाले. यातून धडा घ्यायचा तो हा की अट घालताना आपल्या जुन्या माणसांना सूट देऊ नका. निदान ती सूट वेगळ्या परिपत्रकात द्या.

आता राहिली 'कार्यक्षमता'. घटनेच्या कलम 335 मध्ये हा शब्द आहे आणि तो फार उपयोगी पडतो. 1992 च्या इंद्रा साहनी निकालानं पदोन्नतीतलं आरक्षण थांबवलं, 1995 च्या सत्त्याहत्तराव्या दुरुस्तीनं ते परत आणलं, 2006 च्या नागराज निकालानं त्याला मागासलेपण आणि अपुरं प्रतिनिधित्व मोजून दाखवण्याची अट घातली, 2018 मध्ये जर्नेल सिंग प्रकरणात ती थोडी सैल झाली, आणि 2022 मध्ये मोजणी संवर्गनिहायच हवी असं ठरलं. तीस वर्षं सगळे कार्यक्षमतेची काळजी करत आले. तुमच्या कार्यालयाची कार्यक्षमता किती, हे मात्र कुठल्याही नस्तीत सापडणार नाही. राखीव बिंदूवरचा माणूस पुढं आला की तेवढ्यापुरती ती धोक्यात येते. मंत्र्यांच्या चिठ्ठीवर आलेल्या माणसामुळं ती अजून एकदाही धोक्यात आलेली नाही. आणि संवर्गनिहाय माहिती कोणी मागितलीच, तर ठरलेलं उत्तर द्या : 'माहिती संकलित करण्याचे काम सुरू आहे.' हे वाक्य खोटं ठरत नाही. काम सुरूच असतं.

शेवटचं हत्यार जन्मतारीख. खेड्यापाड्यातल्या गुरुजींनी शाळेत नाव घालताना ज्यांच्या जन्माची नोंद सापडली नाही त्यांना सरसकट 1 जून लावून दिला. महिन्याच्या एक तारखेला जन्मलेला माणूस आदल्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो, म्हणून आपल्याकडे 31 मे ला कार्यालयंच्या कार्यालयं रिकामी होतात. आईबापांना जन्मतारीख ठाऊक नसलेली मुलं कोणाच्या घरची असत, हे वेगळं सांगायला नको. तेव्हा ज्येष्ठता सूचीत पहिला असलेला, तुम्हाला नको असलेला माणूस 1 जूनचा निघण्याची शक्यता बरीच. बैठक मार्चमध्ये ठरली तर अर्थसंकल्प आहे, एप्रिलमध्ये ठरली तर सदस्य रजेवर आहेत, मे मध्ये नामावली मागासवर्ग कक्षात आहे. जूनच्या पहिल्या आठवड्यात घ्या.

निरोप समारंभ मात्र 31 मे ला दुपारी चार वाजता वेळेवर करा. शाल, श्रीफळ आणि कर्मचाऱ्यांच्या वर्गणीतून भिंतीवरचं घड्याळ. भाषणाला टिपण नको, अहवालातलीच वाक्यं चालतात. 'शांत स्वभावाचे. दिलेलं काम केलं.' मग जरा थांबा आणि म्हणा, खरं तर यांनी या खुर्चीवर बसायला हवं होतं. टाळ्या पडतील. तेही वाजवतील.