म्हणे सिम मोडा आणि पोलिसांत जाऊ नका!

काल रात्री साडेदहाला खानापूरच्या आत्यांनी तो ऑडिओ पाठवला, तोच हो, "पोरांना अश्लील फोटोवरून कोण धमकावलं तर काय करायचं" वाला, बेळगाव-निपाणीच्या सगळ्या ग्रुपवर फिरायलाय. पाठोपाठ फोन, "नातवाचा मोबाईल विहिरीत टाकू काय रे?" मग लिहायला बसलो.

ऑडिओवाला म्हणतोय, "चॅट डिलीट करा, सिम मोडा." अहो, मग त्या भामट्याला शोधायचं कशावरून? अकाउंटचं नाव, नंबर, धमकीचे मेसेज, पैसे मागितले असतील तर यूपीआय आयडी, सगळं त्या फोनातच आहे की. आधी स्क्रीनशॉट, मग ब्लॉक. पैसे गेलेच असतील तर लगेच 1930, सायबर फसवणुकीची हेल्पलाइन.

"पोलिसांत गेलं की नाव पेपरात, वर सगळं कन्नडात." इथं डोकं फिरलं माझं. कन्नडची भीती खोटी नाही, कबूल, अर्ज समोर आला की आपल्यातल्या कितीजणांना घाम फुटतो. पण 2012 चा पोक्सो कायदा, पोरांना लैंगिक अत्याचारापासून वाचवणारा, जरा उघडून बघा. कलम 19, नोंद मुलाला न कळणाऱ्या भाषेत होत असेल तर दुभाषा द्यायचा. कलम 24, जबाब पोराच्या घरी नाहीतर ते म्हणेल तिथं, शक्यतो महिला अधिकारी, अंगावर युनिफॉर्म नाही, रात्री स्टेशनात बसवून ठेवायचं नाही. कलम 23, पेपरानं नाव, फोटो, शाळा छापली तर पेपरावरच केस. आणि "एडिट केलेल्या फोटोवर केस होत नाही" हेही खोटं, कलम 11 मध्ये खरा आणि बनावट दोन्ही धरलेत.

"पोरग्यांना काय होतंय?" अमेरिकेची तपास यंत्रणा एफबीआय सांगतंय की पैशासाठी असं ब्लॅकमेल जास्त करून 14 ते 17 वयाच्या पोरग्यांनाच होतंय.

"रात्री फ्लाइट मोड टाकला की हॅकर येत नाही." सोडा.

युनिफॉर्ममधले फोटो उघड्या अकाउंटवर टाकू नका म्हणालाय, तेवढं बरोबर. पण शेवटी काय, तर "असा फोटो आला की सावध करायला सगळ्यांना पाठवा"! लहान मुलाचा अश्लील फोटो पुढं पाठवणं हाच गुन्हा आहे बाबांनो, आयटी ॲक्ट कलम 67बी, पहिल्याच खेपेला 5 वर्षांपर्यंत आत.

आत्यांना म्हटलं, मोबाईल राहू दे, नातवाला जवळ बसवून विचारा, ओरडू नका, आणि मुलांच्या हेल्पलाइनचा नंबर 1098 लिहून ठेवा. लिहिल्या, कॅलेंडरवर, दुधाच्या हिशोबाखाली.