थर्मोस्टॅट काढला की हीटर तापत नाही, गारठतो

थंडी पडली की आमच्या निफाड-पिंपळगाव पट्ट्यातल्या पिकअपवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज हमखास फिरतो. यंदा तो मला तीन ठिकाणांहून आला. मजकूर थोडक्यात असा: हीटरमधून गरम हवा येत नसेल तर हीटर कोअर चोक झालाय, बदलून टाका. खर्च नको असेल तर थर्मोस्टॅटचा वॉल, म्हणजे इंजिनातलं पाणी रेडिएटरकडे सोडणारी-अडवणारी झडप, काढा. तो थंड देशांसाठी असतो, आपल्याकडे लागत नाही, आणि काढला की पाणी मोकळं फिरून हीटरला जास्त गरम पाणी मिळतं. कूलंटवर पैसे घालू नका, साधं पाणी जास्त उष्णता वाहून नेतं. हीटर जपून लावा, एसीसारखाच डिझेल खातो. आणि सकाळी गाडी पंधरा मिनिटं जागेवर चालू ठेवा, मग केबिन तापते.

यात एक गोष्ट अर्धी खरी आहे, बाकीच्या चुकीच्या. थर्मोस्टॅटची चूक मी स्वतः पैसे मोजून केलेली आहे, म्हणून तिथूनच धरतो.

उन्हाळ्यात माझ्या गाडीचा तापमानाचा काटा घाटात वर चढायचा. मिस्त्रीने वॉल काढून हातात दिला. काटा खाली बसला, मीही खूश. पुढच्या जानेवारीत द्राक्षं भरून आग्र्याकडे निघालो. ग्वाल्हेर सोडलं आणि रात्री असं धुकं पडलं की पुढच्या ट्रकचा लाल दिवासुद्धा जवळ गेल्यावरच दिसायचा. त्यात काच आतून धुरकटलेली. हीटरचं बटण पार लाल पट्टीच्या टोकाला, ब्लोअर पूर्ण, आणि येणारी हवा बाहेरच्यापेक्षा जेमतेम उबदार. भाचा शेजारी बसून धोतराच्या फडक्याने काच पुसत होता. त्या रात्री पाय गारठले त्याचं काही नाही, पण आंधळ्यासारखी गाडी हाकली ते आजही आठवतं.

झालं काय होतं? हीटर कोअर म्हणजे डॅशबोर्डच्या मागे बसवलेला छोटा रेडिएटर. इंजिनातलं गरम पाणी त्याच्या बारीक नळ्यांतून फिरतं, ब्लोअर त्यावरून हवा ढकलतो. बहुतेक गाड्यांत हीटरची लाइन थर्मोस्टॅट बंद असतानाही चालू असते. वॉल बंद म्हणजे पाणी पुढच्या मोठ्या रेडिएटरकडे जात नाही, इंजिन आणि हीटर यांच्यातच फिरत राहतं आणि पटकन तापतं. साधारण ८२ ते ८८ अंशांना आतलं मेण वितळून फुगतं, वॉल उघडतो आणि मग रेडिएटरचं काम सुरू होतं. कोणत्या अंशाला उघडायचं तो आकडा वॉलवरच कोरलेला असतो. वॉल काढला की पहिल्या मिनिटापासून पाणी मोठ्या रेडिएटरमधून जातं, त्यावर समोरून थंड वारा. हीटरला पाणी मिळतं, पण कोमट. म्हणजे मेसेज ज्याला औषध म्हणतो तोच रोग आहे. वॉल उघडाच अडकला तरी हेच होतं.

‘आपल्याकडे लागत नाही’ हेही खोटं. नागपुरात ४५ अंश तापलं तरी इंजिनाला हवं असलेलं तापमान त्याच्या जवळपास दुप्पट असतं. थंड इंजिनात डिझेल नीट जळत नाही, थोडं सिलिंडरच्या भिंतीवरून ऑइलमध्ये उतरतं, आणि ऑइलच्या झाकणाखाली पांढरट मलई धरते. डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, असलेल्या बीएस-६ गाडीत तर इंजिन पुरेसं तापल्याशिवाय फिल्टरची सफाईच सुरू होत नाही. काही इंजिनांत वॉल काढला की बायपासची, म्हणजे रेडिएटर टाळून पाणी परत इंजिनात नेणारी, वाट कायमची उघडी राहते, मग चढावर गाडी उलट जास्त तापते. आणि माझा उन्हाळ्यातला खरा आजार होता चोक झालेला रेडिएटर. वॉल काढून तो फक्त झाकला गेला.

वॉल शाबूत आहे का, ते घरी कळतं. सकाळी थंड गाडी सुरू करून रेडिएटरच्या वरच्या होज पाईपला हात लावा, फॅनपासून हात आणि कपडे लांब ठेवून. बराच वेळ तो गार राहून मग एकदम तापला तर वॉल ठीक. सुरुवातीपासून हळूहळू कोमट होत गेला तर वॉल उघडा आहे, किंवा तो नाहीच. रस्त्यावर खूण अशी की उतारावर काटा खाली पडतो आणि ट्रॅफिकमध्ये वर येतो.

आता कोअर. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती इथे. कोअर बदलायचा तर बऱ्याच गाड्यांत अर्धा डॅशबोर्ड उतरवावा लागतो, एवढी मजुरी देण्याआधी दोन पाईप तपासायला काय जातं? इंजिन नीट तापू द्या. बोनेटखालून केबिनच्या भिंतीत शिरणारे दोन बारीक पाईप कापडाने धरून बघा. दोन्ही सारखे कडकडीत असतील तर पाण्याकडे दोष नाही. गरम-थंड हवा फिरवणारी झडप किंवा तिची केबल सुटली असेल, नाहीतर केबिन फिल्टर मातीने गच्च असेल. आमच्याकडे शेतरस्त्यांच्या धुळीत हा फिल्टर वर्षभर टिकत नाही, आणि तो असतो हेच निम्म्यांना माहीत नाही. एक पाईप गरम आणि दुसरा बराच गार असेल तेव्हाच कोअरवर संशय घ्या. दोन्ही कोमट असतील तर थर्मोस्टॅट, हीटरचा वॉल किंवा पाण्याची पातळी.

रेस दिली की हवा गरम आणि गाडी उभी राहिली की गार, सोबत डॅशबोर्डमागे गुळगुळ आवाज, तर आत हवा धरली आहे किंवा पाणी कमी आहे. गाडी चढावर तोंड वर करून लावा, पूर्ण थंड असतानाच झाकण उघडा, हीटर लाल टोकाला ठेवून सुरू करा आणि बुडबुडे थांबेपर्यंत कूलंट घालत राहा. गरम इंजिनाचं झाकण उघडलेल्यांची भाजलेली तोंडं मी पाहिली आहेत. पाणी पुन्हा पुन्हा कमी होत असेल तर गळती शोधा. काचेवर आतून चिकट वाफ, गोडसर वास आणि पायाखालचं कार्पेट ओलं, असं असेल तर मात्र कोअर खरंच गळतोय.

चोक झालेला कोअरसुद्धा आधी उलट्या बाजूने बागेच्या नळीने, हलक्या दाबाने धुऊन बघावा. कॉम्प्रेसरची हवा मारू नका, ॲल्युमिनियमच्या नळ्या फाटतात.

मेसेजमधली अर्धी खरी गोष्ट म्हणजे साध्या पाण्याची. साधं पाणी कूलंट-पाण्याच्या मिश्रणापेक्षा जास्त उष्णता धरतं, हे बरोबर. पण ते कोणतं पाणी? आपण घालतो ते बोअरचं. त्यातले क्षार आणि गंज सगळ्यात आधी कुठे बसतात, तर सगळ्यात बारीक नळ्यांत, म्हणजे हीटर कोअरमध्ये. शिवाय गाडी काश्मीर-हिमाचलला गेली आणि रात्री पारा शून्याखाली उतरला तर पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं, कोअर काय, ब्लॉकही फुटू शकतो. निम्मं कूलंट आणि निम्मं शुद्ध पाणी असं मिश्रण उणे ३५ अंशांच्या आसपासपर्यंत तग धरतं.

हीटर डिझेल खातो हे तर एसीवरून बांधलेलं अनुमान. एसीचा कॉम्प्रेसर इंजिनाला ओढावा लागतो. हीटर वापरतो ती उष्णता नाहीतर रेडिएटरमधून वाऱ्यावरच जाणार असते. जादा लागते ती ब्लोअरची वीज, किरकोळ. इलेक्ट्रिक पिकअपचं गणित वेगळं, तिथे उष्णता बॅटरीतूनच येते.

राहिलं जागेवर गाडी तापवणं. डिझेल इंजिन विनाभार चालताना इतकी कमी उष्णता देतं की पंधरा मिनिटांनीही काटा धड हलत नाही. एखादं मिनिट चालू ठेवून निघा आणि पहिले काही किलोमीटर हळू चालवा, ते जास्त लवकर तापतं. डोंगरातले ट्रकवाले रेडिएटरसमोर पुठ्ठा लावतात, तो कडाक्याच्या थंडीत उपयोगी पडतो, पण काट्यावर नजर ठेवून, आणि खाली उतरलं की काढून.

मेसेजमधल्या ‘गाडी जागेवर चालू ठेवा’ या वाक्याचा आधार घेऊन कुणी रात्रभर इंजिन चालू ठेवून बंद केबिनमध्ये झोपत असेल, किंवा आत शेगडी घेत असेल, तर तेवढं आजच थांबवा. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो, झोपलेल्या माणसाला जाग येत नाही. मी आता इंजिन बंद करतो आणि दोन घोंगड्या बरोबर ठेवतो. वॉल नवा बसवलाय, त्यामुळे सकाळी निघाल्यावर पहिल्या टोलनाक्यापर्यंत काच साफ होते.