विजय सेल्स आणि गोडाऊनमध्ये पडलेला फ्रिज

विजय सेल्सच्या वाढीचा विषय निघाला की बोलणं जाहिराती, ऑफर आणि मोक्याच्या जागांवरच फिरत राहतं. नानू गुप्तांनी १९६७ साली माहीमला सुरू केलेला धंदा आज शंभराहून जास्त शोरूमपर्यंत गेलाय. माझ्या मते त्याचं खरं कारण ग्राहकाला दिसतच नाही. माल किती दिवस पडून आहे, हा हिशोब या धंद्यात ज्याला जमतो तो टिकतो.

१९६७ला मुंबईत टीव्ही विकण्यात अर्थच नव्हता, कारण मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ला. पंखे, शिलाई मशीन, ट्रान्झिस्टर हा त्या काळचा माल. रंगीत टीव्ही आला १९८२च्या आशियाई स्पर्धांच्या वेळी. नव्वदीत सॅमसंग, एलजी आले आणि दर वर्षी मॉडेल बदलायला लागली. तोवर जुना माल फार तर धूळ खायचा, आता तो भाव खायला लागला. (स्वतःचाच.)

आकडे मांडून बघू. समजा ४०,०००चा फ्रिज आहे आणि दुकानाला त्यात ८ टक्के, म्हणजे ३,२०० सुटतात. अडकले ३६,८००. पैसा वर्षाला १२ टक्क्यांनी उचललेला असेल तर महिन्याचं व्याज ३६८. तीन महिने फ्रिज हलला नाही तर ११०४ गेले, नफ्याचा तिसरा हिस्सा. भाडं, पगार, टेम्पो, हमाली अजून धरलेलीच नाही. त्यात नवं मॉडेल आलं तर उरलेला नफाही सूट देण्यात जातो. म्हणून मोठ्या साखळ्यांमध्ये आज किती विकलं याच्या बरोबरीने साठ दिवसांवरचा माल कुठल्या शोरूमला किती आहे ही यादी बघतात, आणि तो माल जिथे खपेल तिथे हलवतात.

दुसरी अडचण क्रेडिट नोटची, म्हणजे माल बनवणारी कंपनी दुकानाच्या खात्यात मागाहून जमा करते त्या पैशांची. दुकानाला बिलात पडणारा भाव आणि खरी पड, ज्याला धंद्यात एनएलसी म्हणतात, यांत फरक असतो. महिन्याची स्कीम, टार्गेटचा इन्सेंटिव्ह, डिस्प्लेचे पैसे हे सगळं नंतर क्रेडिट नोटने येतं. त्या भरवशावर दुकानदार बिलापेक्षा कमी भावात माल काढतो. मग कळतं की स्कीम ३१ तारखेला संपली होती आणि आपलं बिल १ तारखेचं आहे. किंवा सिरीयल नंबर चुकीचा चढलाय. किंवा ग्राहकाला माल पोचला, पण कंपनीच्या ॲपवर विक्री नोंदवलीच नाही. क्लेम नामंजूर. एका टीव्हीमागे दोन हजार म्हणजे किरकोळ वाटतं, पण दिवाळीत असे शंभर टीव्ही निघाले की दोन लाख झाले. एका दुकानात मालक स्वतः रात्री बसून क्लेम जुळवतो. वीस दुकानं झाली की त्यासाठी वेगळी माणसं आणि चांगलं सॉफ्टवेअर लागतं. अनेक चांगली दुकानं तिसऱ्या-चौथ्या शाखेला अडखळतात ती इथेच, असं माझं ठाम मत आहे.

‘नो कॉस्ट’ ईएमआय हाही त्यातलाच प्रकार. ६०,०००चा टीव्ही, १२ हप्ते, प्रत्येकी ५,०००. फायनान्स कंपनी दुकानाला पूर्ण ६०,००० देत नाही. समजा ६ टक्के कापले तर हातात ५६,४००. हे ३,६०० टीव्ही बनवणाऱ्या कंपनीने सोसायचे की डीलरने, म्हणजे दुकानाने, हे मॉडेलप्रमाणे आणि महिन्याप्रमाणे बदलतं. डीलरने सोसायचे असतील तर त्याला डीबीडी म्हणतात. रोख देणाऱ्याला थोडी जास्त सूट का मिळू शकते, ते इथे कळतं.

आता पसरण्याबद्दल. जीएसटीच्या आधी प्रत्येक राज्याचा व्हॅट वेगळा आणि राज्याबाहेरच्या मालावर सीएसटी, म्हणजे केंद्राचा विक्रीकर. त्यामुळे कंपन्या राज्याराज्यात डेपो ठेवायच्या आणि बिलं तिथूनच व्हायची. मुंबईत वर ऑक्ट्रॉय, म्हणजे शहरात माल आणताना लागणारी जकात, तोही थेट ३० जून २०१७पर्यंत. भिवंडीच्या पट्ट्यात गोडाऊनं उभी राहिली त्याचं हे एक मोठं कारण: माल हद्दीबाहेर ठेवा, विकला की आत आणा. अशा व्यवस्थेत एकाच पट्ट्यात दाट दुकानं काढणं शहाणपणाचं होतं. एका टेम्पोच्या फेरीत पाच डिलिव्हरी होतात आणि दादरला संपलेलं मॉडेल ठाण्याहून येतं. परराज्यात एकच शोरूम काढलं की गोडाऊन, गाडी, कंपनीच्या शाखेशी बोलणी, सगळं पहिल्यापासून. टाटांचं क्रोमा २००६ला आलं, रिलायन्स डिजिटल त्याच्या पुढच्या वर्षी. त्यांच्यामागे भांडवल होतं. कुटुंबाच्या धंद्याला तेवढं सोसत नाही.

एवढं करूनही हंगाम हातात नसतो. एसीचा माल उन्हाळ्याआधीच भरावा लागतो. २०२५ला २६ मे रोजीच मुंबईत मान्सून आला आणि भरलेले एसी तसेच राहिले. सप्टेंबरच्या ३ तारखेला एसी आणि ३२ इंचांवरच्या टीव्हींचा जीएसटी २८वरून १८ होणार हे जाहीर झालं, लागू घटस्थापनेला, २२ तारखेला. मधले अठरा-एकोणीस दिवस कोण घेणार? बरं, दहा टक्के कर उतरला म्हणजे भाव दहा टक्के उतरतो असंही नाही. ४०,०००च्या एसीत मूळ किंमत ३१,२५०, त्यावर १८ टक्के धरून ३६,८७५. फरक ३,१२५, म्हणजे आठ टक्क्यांच्या आत. काउंटरवरच्या पोरांनी हे गणित किती जणांना समजावलं असेल देव जाणे.

भाव करायला गेलात तर बॉक्सवरचा निर्मितीचा महिना बघा. एसी असेल तर स्टार लेबलवरची मुदतही बघा, कारण जुलै २०२२ला निकष कडक झाले तेव्हा पाच स्टारचा एसी चार स्टारचा झाला होता. बॉक्स सहा-सात महिने जुना निघाला तर सेल्समनला नाही, मॅनेजरला विचारा. तो माल त्याच्या यादीत आधीच असतो.