घाना कुणाच्या खिशात नाही

2025 च्या जुलैत पंतप्रधान मोदी घानाच्या राजधानीत, अक्राला आले. नरसिंह रावांनंतर, म्हणजे तीस वर्षांनी, भारताचा पंतप्रधान घानात आला होता. त्या दोन दिवसांत आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर दोनच तऱ्हेचे मेसेज फिरत होते. एक, चीनने अख्खी आफ्रिका कर्जात बुडवून विकत घेतली, आता आपण त्याला शह दिला. दुसरा, इथे एसटी गळते आणि आपण परदेशात पैसा कशाला वाटतो. टीव्हीवरच्या चर्चाही याच दोन टोकांमध्ये फिरत असतात. मी बरीच वर्षं घानातल्या तेमा बंदराजवळ एका पोलाद कारखान्यात नोकरी करतो. ज्या देशाचं अन्न खातो त्याच्याबद्दल इतकं वरवरचं बोललेलं ऐकवत नाही, म्हणून हे लिहितोय.

चीन इथे डोळ्यांना दिसतो, ते नाकारण्यात अर्थ नाही. अक्रातलं नॅशनल थिएटर 1992 साली चीनने बांधून दिलं. परराष्ट्र खात्याची जुनी इमारत 2009 मध्ये जळाली, तिच्या जागची नवी इमारत चिनी अनुदानातली आहे. 2008 च्या आफ्रिकी फुटबॉल स्पर्धेसाठी तामाले आणि सेकोंडीची स्टेडियम चिनी कंपनीने उभी केली. काळ्या व्होल्टा नदीवरचं 400 मेगावॉटचं बुई धरण सायनोहायड्रो या चिनी कंपनीने बांधलं आणि 2013 मध्ये सुरू झालं. त्याच्या कर्जाला तारण म्हणून चीनला विकल्या जाणाऱ्या कोकोचे पैसे लावले होते. आज माझ्या घरातला दिवा लागतो त्यात थोडी वीज बुईची असणारच.

आणि हे काल-परवाचं नाही. चीनचे पंतप्रधान चाऊ एन-लाय जानेवारी 1964 मध्ये अक्राला आले तेव्हा घानाचे राष्ट्राध्यक्ष एन्क्रुमा यांच्यावर नुकताच प्राणघातक हल्ला झाला होता. चाऊंनी राजशिष्टाचार बाजूला ठेवला आणि एन्क्रुमा राहत होते त्या ओसू किल्ल्यातच भेटी घेतल्या. चीनच्या परदेशी मदतीची आठ तत्त्वं त्यांनी याच शहरात जाहीर केली. आमचे तज्ज्ञ तुमच्या तज्ज्ञांसारखेच राहतील, वेगळ्या सोयी मागणार नाहीत, हे त्यातलंच एक. दोन वर्षांनी एन्क्रुमा चीनच्या वाटेवर असताना लष्कराने त्यांची सत्ता उलथवली, नव्या राजवटीने चीनशी संबंध तोडले, ते 1972 मध्ये पुन्हा जुळले. ज्या देशाने चीनला एकदा दाराबाहेर काढून पुन्हा आत घेतलं, त्याला स्वतःचं मत नाही असं आपण कोणत्या तोंडाने म्हणतो?

आता कर्जाच्या सापळ्याचं. डिसेंबर 2022 मध्ये घानाने परदेशी कर्जांचे हप्ते थांबवले. इथे महागाई पन्नास टक्क्यांच्या वर गेली होती. आमच्या कारखान्यातला वेल्डर दर शनिवारी टोमॅटोचा भाव सांगायचा आणि दर वेळी तो वाढलेला असायचा. पण त्या वेळी घानाकडून चीनचं किती कर्ज येणं होतं? साधारण 1.9 अब्ज डॉलर. आणि ज्या युरोबाँडची, म्हणजे परदेशी गुंतवणूकदारांना विकलेल्या रोख्यांची, पुनर्रचना पुढे 2024 मध्ये झाली, ते होते सुमारे 13 अब्ज डॉलरचे. म्हणजे गळ्याशी आलेला मोठा फास लंडन-न्यूयॉर्कच्या गुंतवणूकदारांचा होता. घानाला कर्ज देणाऱ्या सरकारांच्या समितीत चीन फ्रान्सबरोबर सहअध्यक्ष होता आणि तोही बाकीच्यांसारखाच वाटाघाटीला बसला. कर्जापायी चीनच्या हाती गेलेल्या श्रीलंकेतल्या हंबनटोटा बंदराचं उदाहरण उचलून इथे चिकटवणाऱ्यांनी हे आकडे एकदा शेजारी-शेजारी ठेवून बघावेत.

मग चीन निर्दोष का? मुळीच नाही, आणि खरी गोष्ट इथेच सुरू होते.

बेकायदा सोन्याच्या खाणकामाला इथे गलामसे म्हणतात. छोट्या खाणी कायद्याने फक्त घानाच्या नागरिकांसाठी राखीव आहेत. तरी 2008 नंतर सोन्याचा भाव चढला तसे हजारो चिनी आले. त्यातले पुष्कळ ग्वांगशी प्रांतातल्या शांगलिन या एकाच तालुक्यातले. त्यांनी एक्सकॅव्हेटर आणले, नदीचा तळ उपसणारी यंत्रं आणली. फावड्याने वर्षात जेवढी जमीन उकरली जायची तेवढी आठवड्यात उलटी होऊ लागली. 2013 मध्ये सरकारने साडेचार हजारांहून जास्त चिनी लोकांना परत पाठवलं, पण यंत्रं आणि रीत मागे राहिली. अक्राहून केप कोस्टमार्गे उत्तरेला गेलं की त्विफो प्रासोच्या पुलावरून प्रा नदी दिसते. पाणी नाही, पातळ केलेला चिखल. 2024 च्या ऑगस्टमध्ये या नदीवरच्या जलशुद्धीकरण केंद्राला गाळामुळे केप कोस्ट आणि एल्मिनाचा पुरवठा बराच कमी करावा लागला. त्या नदीकाठच्या बाया आता पिण्यासाठी पाण्याच्या पिशव्या विकत घेतात. हे बघून माझा जीव तुटतो.

या धंद्यातलं सगळ्यात गाजलेलं नाव आयेशा हुआंग. 2018 मध्ये तिच्यावरचा खटला मागे घेऊन सरकारने तिला नुसतं मायदेशी धाडलं. त्याच वर्षी सायनोहायड्रोबरोबर दोन अब्ज डॉलरचा करार झाला होता: रस्ते-पूल तुम्ही बांधा, फेड आम्ही बॉक्साइटमधून करू. पुढच्या वर्षी अमेरिकेत एका सभेत घानाचे ज्येष्ठ मंत्री ओसाफो-माफो यांना या बाईबद्दल विचारलं, तेव्हा त्यांनी तिला तुरुंगात टाकून आपले आर्थिक प्रश्न सुटणार नाहीत, अशा अर्थाचं उत्तर दिलं आणि चीनशी असलेल्या दोन अब्जांच्या व्यवहाराकडे बोट दाखवलं.

मला वाटतं, चिनी मदतीची खरी किंमत इथे आहे. करारातल्या व्याजदरात ती सापडत नाही. ती सापडते फौजदाराने, मंत्र्याने, बंदरावरच्या अधिकाऱ्याने केलेल्या डोळेझाकीत. समुद्रावरही तेच. अक्राच्या जेम्सटाउनला चीनने अनुदानातून मासेमारी बंदर बांधलं, त्यासाठी किनाऱ्यावरच्या झोपड्या हटल्या. आणि त्याच किनाऱ्यापुढे घानाचा झेंडा लावलेले, पण मागे चिनी मालक असलेले ट्रॉलर लहान मासळी ओरबाडतात. तिचे गोठवलेले ठोकळे भर समुद्रात होड्यांवर चढवून बाजारात आणले जायचे. होडीवाले कोळी याला सायको म्हणतात आणि तो शब्द उच्चारताना थुंकतात.

पण डोळे झाकणारे हात घानाचेच होते, आणि ते बाजूला सारणारेही घानाचेच. आयेशा हुआंग परत आली, 2022 मध्ये पकडली गेली, आणि डिसेंबर 2023 मध्ये अक्राच्या न्यायालयाने तिला साडेचार वर्षांची शिक्षा दिली. बॉक्साइटसाठी अटेवाच्या जंगलाला हात लागणार म्हटल्यावर इथल्या संस्था कोर्टात गेल्या. गलामसेविरुद्ध अक्रात तरुण पोरं रस्त्यावर उतरली आणि अटक करून घेतली. आपल्या चर्चांमध्ये ही माणसं नसतातच. तिथे घाना म्हणजे बुद्धिबळाचा पट, सोंगट्या चीनच्या आणि आपल्या.

आता आपल्याकडे वळतो, कारण आपणही इथे आहोत. राष्ट्राध्यक्षांचं ज्युबिली हाउस भारताच्या कर्जातून उभं राहिलं, बांधलं मुंबईच्या शापूरजी पालनजीने. तेमा ते म्पाकादान रेल्वेमार्गाला पैसा आपल्या एक्झिम बँकेचा, काम मुंबईच्याच अफकॉन्सचं. चीन स्वतःच्याच कंपन्यांना कामं देतो अशी तक्रार करताना लक्षात असू द्या, आपल्या कर्जातूनही साधारण तीन चतुर्थांश माल आणि सेवा भारतातूनच घ्याव्या लागतात. म्हणून तो गळक्या एसटीचा मेसेजही अर्धवट आहे. ते पैसे वाटलेले नसतात, बरेचसे आपल्याच ठेकेदारांकडे परततात आणि परतफेड घानाने करायची असते.

म्हणूनच कोमेंडाचं मला फार लागतं. केप कोस्टच्या पश्चिमेला, समुद्राजवळ, बंद पडलेल्या जुन्या साखर कारखान्याच्या जागी भारताच्या साडेतीन कोटी डॉलरच्या कर्जातून नवा कारखाना झाला. मे 2016 मध्ये थाटात उद्घाटन झालं. चाचणी गाळप झालं आणि पुढे तो ठप्प पडला, वर्षानुवर्षं. मुख्य कारण काय? ऊसच नव्हता. क्रशर, बॉयलर, चिमणी सगळं होतं, पण कार्यक्षेत्रात लागवड नव्हती, पाण्याची सोय नव्हती, शेतकऱ्याला तोड कधी आणि भाव किती मिळणार याचा भरवसा नव्हता.

हे वाचून सांगली-कोल्हापूरचा कुठलाही शेतकरी कपाळाला हात लावेल. ऊस नोंदला नाही तर कारखाना चालत नाही, हे आपल्याकडे शाळकरी पोराला कळतं. कर्ज मंजूर करणारी बँक मुंबईत आहे, पुण्याजवळ मांजरीला वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आहे, ऊस विकासात आयुष्य घालवलेले निवृत्त शेती अधिकारी गावोगाव आहेत. त्यातले चार-सहा जण दोन हंगाम कोमेंडाला पाठवा, बेणं आणि ठिबक घेऊन, आणि त्यांना चाऊंच्या त्या तत्त्वाप्रमाणे तिथल्या शेती अधिकाऱ्यांसारखंच राहू द्या. घानाने मागितलं तर. आधी त्यांना विचारायला हवं.