दाजी निघायच्या आधी पोचतात

दाजी शुक्रवारी टोकियोहून सॅन फ्रान्सिस्कोला निघणार होते. ताईनं सहज विचारलं, "किती लांब आहे रे? आणि तास किती लागतात?" शाळेत भूगोलात मला बरे गुण पडायचे, त्या जोरावर "पाच मिनिटांत सांगतो" असं बोलून बसलो.

भिंतीवरच्या नकाशावर पट्टी टेकवली. टोकियो उजव्या कडेला, सॅन फ्रान्सिस्को डाव्या कडेला. पट्टी आख्खा आशिया, युरोप आणि अटलांटिक तुडवत निघाली. ताई म्हणाली, "अरे, मागच्या बाजूनं जवळ नाही का पडणार?"

मग पृथ्वीगोल काढला, पुसला, त्यावर दोरा ताणला. दोन्ही शहरं साधारण 36-38 अक्षांशांवर, म्हणजे दोऱ्यानं नाकासमोर पूर्वेला जायला हवं. पण तो आपला वर अलास्काजवळच्या अल्युशियन बेटांकडे सरकतोय! दोनदा खाली ओढला, दोन्ही वेळा लांबीला कमी पडला. अक्षांश धरून गेलं तर सुमारे 8,700 किलोमीटर, दोऱ्याच्या मर्जीनं गेलं तर 8,200. गोलावरचा जवळचा रस्ता नकाशावर वाकडा दिसतो. याला कारण नकाशाकार मर्केटर. 1569 साली त्यानं खलाशांना होकायंत्राची दिशा सरळ रेघेत आखता यावी असा नकाशा काढला, आणि त्याच धर्तीच्या नकाशावर मी शाळेत गुण मिळवले.

"8,200," मी जाहीर केलं. मोबाइलवर बघत ताई म्हणाली, "इथे 5,100 लिहिलंय. आणि इथे 4,400." एक साधे मैल, दुसरे सागरी मैल. सागरी मैल 1,852 मीटरचा, अक्षांशाच्या अंशाच्या साठाव्या भागाइतका. विमान हवेत उडतं, मोजतात मात्र समुद्राच्या मापानं. हे मी समजावून सांगितलं. ताईनं ऐकून घेतलं, एवढंच.

आता वेळ. ताशी 900 किलोमीटर धरले, भागाकार केला, नऊ तास आले. ताळा म्हणून वेळापत्रक पाहिलं: सुटतं शुक्रवारी संध्याकाळी 5 वाजता, पोचतं शुक्रवारी सकाळी 9:30 ला.

"म्हणजे निघायच्या साडेसात तास आधी पोचतात?"

वाटेत आंतरराष्ट्रीय वाररेषा आहे, हिवाळ्यात दोन शहरांच्या घड्याळांत 17 तासांचा फरक असतो, वगैरे सांगता सांगता मला घाम फुटला. बेरीज-वजाबाकी करून साडेनऊ तास निघाले.

"मग येतानाही साडेनऊच ना?"

नाही. येताना अकराच्या आसपास. पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे उंचावरचे जोरकस वारे जाताना पाठीवर असतात, येताना तोंडावर. अंतर तेच, पण वारा रोज वेगळा. म्हणून विमानाची वाटही रोज थोडी हलते. ताईनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू वारा मीच सोडलाय.

शेवटी "उतरले की फोन करतील" यावर तह झाला. ठरल्या दिवशी फोन आला. विमान 25 मिनिटं आधीच उतरलं होतं. ताई आनंदली.

"पण अजून आतच बसलोय," दाजी म्हणाले. "गेट रिकामं नाही."

ताईनं फोनवर हात ठेवला आणि माझ्याकडे वळली.

"ही 25 मिनिटं कशात धरायची रे?"