एका तासात सुरू होते म्हणे

भाचा अमेरिकेला शिकायला गेला तेव्हा त्याचा त्रास इथे गोव्यात, फोंड्यात मला होईल असं वाटलं नव्हतं. गेल्या महिन्यात तो मित्रांबरोबर अलाबामात एक मोटर-रेसिंग पार्क बघायला गेला आणि तिथून त्याने आजोबांना, म्हणजे माझ्या बाबांना, व्हिडिओ कॉल लावला. माझे रविवार तेव्हापासून गेले.

"आजोबा, मी बर्मिंगहॅमजवळ आहे."

"बर्मिंगहॅम? मग बीएसएचा कारखाना बघ. मोटरसायकली तिथेच करायचे."

"ते इंग्लंडातलं, आजोबा. हे अमेरिकेतलं. बार्बर मोटरस्पोर्ट्स पार्क."

"बार्बर? म्हणजे दाढी करायला गेलायस काय?"

बार्बर हे मालकाचं आडनाव, हे समजावण्यात पाच मिनिटं गेली. जॉर्ज बार्बर. घरचा धंदा दुधाचा. तरुणपणी गाड्यांच्या शर्यतीत धावायचे, मग जुन्या मोटारी जमवू लागले, मग मोटरसायकलींकडे वळले, आणि आता संग्रह सोळाशेंच्या वर गेलाय. जगातलं सगळ्यात मोठं मोटरसायकल संग्रहालय म्हणून गिनीज बुकात नोंद आहे. बाहेर 2.38 मैलांचा, वळणावळणांचा ट्रॅक. बाबांनी हे सगळं ऐकून घेतलं आणि आईकडे वळून म्हणाले, "बघ, दूधवाला माणूस!" आमच्या दूधवाल्याकडे एक स्कूटर आहे. तिला सकाळी सातला तो आणि त्याचा मुलगा मिळून ढकलतात.

भाचा कॅमेरा फिरवत होता. मजल्यावर मजले, काचेच्या भिंती, छतापर्यंत रचलेल्या गाड्या. बाबा त्यात येझदी मोटरसायकल शोधत होते, आमच्या अंगणात आहे तशी. दिसली नाही. "असणार. ह्याने फोन नीट फिरवला नाही," असा निकाल देऊन विषय संपला असता. पण भाच्याने जाता जाता एक वाक्य टाकलं : इथल्या शंभरातल्या नव्याण्णव गाड्या तासाभराच्या खटपटीत सुरू करता येतात, असं इथले लोक सांगतात.

बाबांनी फोन ठेवला. अंगणात गेले. ताडपत्रीखालच्या येझदीकडे बघत म्हणाले, "त्यांच्या सोळाशे आहेत म्हणून नव्याण्णव टक्के. आपली एकच. ती शंभर टक्के व्हायला हवी."

टक्केवारीचा हा हिशेब मला बँकेत पंचवीस वर्षं काढूनही खोडता आला नाही.

आता या गाडीविषयी. 1979 ची येझदी, नंबरप्लेटवर अजून 'जीडी', म्हणजे गोवा अजून राज्य झालं नव्हतं तेव्हाची. बाबा तिच्यावरून शाळेत शिकवायला जात. मी तिच्या टाकीवर बसून मंगेशीच्या जत्रेला गेलोय. हे सगळं खरं, माझाही जीव आहे तिच्यात. पण गोव्याच्या पावसाळ्यात कपाटातल्या चपलेला बुरशी येते, तिथे अंगणातल्या लोखंडाची काय कथा.

त्यात बाबांना कुणीतरी व्हिंटेज गाड्यांचा नियम सांगून ठेवलाय. 2021 साली केंद्र सरकारने काढला. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, नंबरात 'व्हीए' ही अक्षरं येतात, फी 20,000 रुपये. म्हणजे आमची 2029 साली पात्र होणार. आख्खी गाडी याहून कितीतरी कमी पैशांत आली होती, हे बाबा अभिमानाने सांगतात. अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर काढायची नाही, अशीही अट आहे. ती अट आमची येझदी गेली अकरा वर्षं न सांगता पाळतेय.

घोडं अडतं ते गाडी मूळ रूपात असण्यावर. आमच्या गाडीची सीट फोंड्याच्या बाजारात शिवलेली, आरसा स्कूटरचा, मागचा दिवा लुनाचा आणि हॉर्न रिक्षाचा. मूळ रूपात फक्त बाबा आहेत.

तर गेल्या रविवारी सकाळी साडेआठला भाचा पुन्हा व्हिडिओ कॉलवर आला. तिथे शनिवारची रात्र. बाबांनी मोबाइल तुळशीवृंदावनाच्या कट्ट्यावर टेकवून ठेवला, हातातलं घड्याळ काढून शेजारी ठेवलं आणि म्हणाले, "हं. तास सुरू."

पहिली वीस मिनिटं पेट्रोलात गेली. टू-स्ट्रोक गाडी, पेट्रोलात ऑइल मिसळावं लागतं. पूर्वी पंपावर त्याचं हाताने दाबायचं यंत्र असे, दोन दांडे मारले की काम झालं. आता टूटी ऑइल मागितलं की पंपावरचा पोरगा तुम्हाला आजारी माणसाकडे बघावं तसं बघतो. मी ते आदल्या दिवशी तीन दुकानं हिंडून आणलं होतं. बाबा आमटीचं माप घेऊन मिसळायला बसले. आईने माप ओळखलं. त्या संवादात आणखी सात मिनिटं गेली.

मग प्लग. प्लग काढला तर वर काजळीचा असा थर, की त्यात दिवाळीचा नरकासुर रंगवून झाला असता. पॉलिश पेपरने घासला, तारेच्या ब्रशने खरवडला, फुंकर मारली, पुसला, सिलिंडरला टेकवून किक मारून बघितली. ठिणगी दिसली की नाही यावर आमच्यात दोन मतं पडली. भाचा म्हणाला, मला दिसली. सात समुद्रांपलीकडून! मी तिथेच होतो, मला दिसली नाही.

एव्हाना कुंपणाशी माणसं जमली होती. सायकलवरून पों-पों करत आलेला पोदेर, म्हणजे आमचा पाववाला, थांबला. शेजारचे काका आले. वाटेने जाणाऱ्या प्रत्येकाने एकच प्रश्न विचारला, "पेट्रोल आसा मूं रे?" जगातली कुठलीही गाडी बंद पडू दे, माणसाला हाच प्रश्न सुचतो. अलाबामातही विचारत असतील.

ज्यांनी येझदी चालवली नाही त्यांच्यासाठी सांगतो. तिला किक आणि गिअर एकच. डाव्या बाजूचा तो दांडा आत दाबून वर फिरवला की किक, सुरू झाली की तोच पुन्हा खाली आणायचा, मग तो गिअर. कारखानदाराने एक दांडा वाचवला आणि आमच्या दोन पिढ्यांच्या नडग्या फोडल्या. मी कार्बोरेटरचं बटण पेट्रोल गळेपर्यंत दाबलं आणि किका मारायला लागलो. दहा. वीस. तिसाव्या किकेला शर्ट काढला. चाळिसाव्याला पोदेराने दया येऊन एक उंडो पाव हातात ठेवला.

आई पिशवी घेऊन बाहेर आली. "मासळीला कोण जाणार? साडेनऊ झाले, मग बाजारात नुसते काटे उरतील."

"साडेनऊ नाही, नऊ सत्तावीस," बाबा घड्याळाकडे बघत म्हणाले. "मार रे."

मारली. दांड्याने उलटा झटका दिला, पोटरीपासून कानापर्यंत कळ गेली, आणि गाडी सुरू झाली! दोन्ही सायलेन्सरांतून निळा धूर, तो ओळखीचा डब-डब आवाज, काका टाळ्या वाजवतायत, भाचा फोनमध्ये ओरडतोय. बाबांचे डोळे भरून आले. ते धुरानेही असेल. मी वर बसलो, दांडा खाली आणला, पहिला गिअर टाकला, क्लच सोडला.

गाडी मागे निघाली.

येझदीच्या टू-स्ट्रोक इंजिनाला वॉल्व्ह नसतात. पॉइंटचं टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, सरकलेलं असेल आणि किकेने उलटा झटका दिला, तर ते उलट्या दिशेने फिरायला लागतं. हे मेकॅनिकने मला दुसऱ्या दिशी सांगितलं. त्या क्षणी मला एवढंच कळत होतं की तोंड गेटाकडे आहे आणि मी गोठ्याकडे चाललोय. अबोलीचा वाफा गेला, दोरीवरचा पंचा माझ्या तोंडावर आला, आणि मग माड लागला.

गाडी बंद पडली. कुंपणाशी कुणी बोलेना. बाबा सावकाश कट्ट्यापाशी गेले, घड्याळ उचललं, बघितलं, आणि फोन तोंडासमोर धरला.

"एकोणसाठ मिनिटं," ते म्हणाले. "आणि तिथे विचार त्या लोकांना, सोळाशेंतली एक तरी मागे जाते काय?"

"विचारतो, आजोबा," भाचा म्हणाला.

मी पंचा बाजूला करून बघितलं. गेटाबाहेर पिवळ्या मडगार्डाची भाड्याची मोटरसायकल उभी होती, आणि आई पिशवी सांभाळत पायलटच्या मागे बसत होती.