वऱ्हाडाच्या जीपमधून शर्यत

लग्नसराईत आपल्याकडच्या जीपमध्ये चालवणारा एकटा आणि शिकवणारे अकरा असतात. 'ब्रेक मार की!', 'काहून एवढा रेस देयलास?', 'खाली घे, खाली घे!' मोटार शर्यतीचा गेम पहिल्यांदा उघडला की हेच वऱ्हाड आधीपासून गाडीत बसलेलं सापडतं. तिथं त्याला ड्रायव्हर असिस्ट, म्हणजे चालवणाऱ्याला गेमची आपोआप मदत, म्हणतात, एवढाच फरक.

या मंडळींना उतरवायचा एक क्रम असतो आणि बहुतेकजण तोच चुकवतात. 'तू अजून असिस्ट लावून खेळायलास?' असं कुणी म्हणालं की रागाच्या भरात सगळं एकदम बंद करायचं, आणि पहिल्याच वळणावर जालन्याकडं असलेलं गाडीचं तोंड नाशिककडं.

आधी स्टिअरिंग असिस्ट आणि ऑटो ब्रेक, हे दोघं उतरवावेत. यातला पहिला आपण ओव्हरटेक करताना हात धरतो. तुम्ही बाहेरून घालायला जाता, तो गाडी ठरलेल्या रेषेकडं ओढतो. दुसरा वळण दिसायच्या आत ब्रेक दाबतो आणि मागची गाडी डिकीत येते.

रेसिंग लाइन, म्हणजे ट्रॅकवर दिसणारी रंगीत पट्टी, हा मात्र सख्खा मामा. हिरवी असली तर दाब, पिवळी झाली तर पाय काढ, लाल झाली तर ब्रेक. मामा मायाळू, पण भित्रा. गरजेच्या बऱ्याच आधी लाल होतो. त्याच्याकडं बघता बघता आपली नजर बॉनेटपुढच्या पट्टीला चिकटते आणि वळणाच्या आतल्या कोपऱ्याकडं जातच नाही. त्याला आधी 'फक्त वळणांवर' बसवावं. मग एकच ट्रॅक धरून प्रत्येक वळणाला आपली खूण शोधावी: १०० मीटरची पाटी, डांबराचा जोड, कुंपणावरची जाहिरात. झाडाची सावली खूण धरू नये. काही गेममध्ये दिवस कलतो, सावली सरकते आणि दहाव्या लॅपला आपण वाळूत. खूण न धरता मारलेला ब्रेक म्हणजे 'बनी तो बनी, नहीं तो परभणी'.

ऑटोमॅटिक गिअर हे निरुपद्रवी आजोबा. ते कधीही उतरले तरी चालतं, पण ट्रॅक्शन कंट्रोलच्या, म्हणजे रेस दिल्यावर चाक जागच्या जागी फिरू न देणाऱ्या सोयीच्या, आधी उतरलेले बरे. कारण पुढं कळेल.

खरा तमाशा ट्रॅक्शन कंट्रोल उतरला की सुरू होतो. टायरची पकड म्हणजे ताटातली एकच भाकरी. तिच्यातलाच तुकडा वळायला, तिच्यातलाच पळायला. ऐन वळणात जवळजवळ सगळी भाकरी वळण्यात संपलेली असते, आणि आपण पूर्ण थ्रॉटल, म्हणजे रेस, मागतो. पावसाळ्यात काळ्या रानात रुतलेल्या ट्रॅक्टरला जितका रेस द्यावा तितकं चाक खाली जातं. इथंही चाक जागच्या जागी फिरतं; फक्त खाली जायच्याऐवजी गाडीची पाठ पुढं यायला निघते. उपाय दोन. स्टिअरिंग जेवढं सरळ होईल तेवढाच थ्रॉटल वाढवायचा. आणि हळू वळणातून दुसऱ्याऐवजी तिसऱ्या गिअरमध्ये निघायचं, म्हणजे चाकावर जोर कमी येतो. म्हणूनच आजोबांना आधी उतरवायचं. ग्रॅन टुरिस्मो ७ या गेममध्ये ट्रॅक्शन कंट्रोलचे ५ ते ० असे टप्पे आहेत. एकेक खाली यावं. कीबोर्डवर खेळणाऱ्यानं मात्र याला उतरवूच नये. तिथं बटण दाबलं की शंभर, सोडलं की शून्य. मधलं काही नाही.

फॉर्म्युला वननं ट्रॅक्शन कंट्रोल आणि एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक लॉक, म्हणजे फिरायचं बंद, होऊ न देणारी सोय) दोन्ही १९९४ ला बंद केले. पैकी ट्रॅक्शन कंट्रोल रुसलेल्या जावयासारखा २००१ ला परत आला आणि २००८ ला पुन्हा बाहेर बसला. जीटी३, म्हणजे शर्यतीसाठी बदललेल्या स्पोर्ट्स गाड्यांत, मात्र आजही दोन्ही असतात, कमीजास्त करायच्या सोयीसकट. तेव्हा गेममध्ये जीटी३ घेऊन एबीएस बंद करणं म्हणजे खऱ्या ड्रायव्हरपेक्षा जास्त सोवळं पाळणं.

तरीही उतरवायचाच असेल तर एबीएस सगळ्यात शेवटी. चाक लॉक झालं की स्टिअरिंग कितीही फिरवा, गाडी देवळातल्या नंदीसारखी समोरच बघते. विंग असलेल्या गाडीत वेग असतो तेव्हा हवा तिला खाली दाबते, म्हणून आधी ब्रेक जोरात चालतो. वेग उतरेल तसा पाय हलका करायचा. आपण नेमकं उलटं करतो, वळण जवळ आलं की घाबरून आणखी दाबतो. पुढची चाकं सारखी लॉक होत असतील तर ब्रेक बायस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांतली ब्रेकची वाटणी, एकेक टक्का मागं न्यावा. एकदम पाच नेला तर मागची चाकं लॉक होतात आणि पुन्हा नाशिक.

गेमसाठी जमिनीवर ठेवलेलं पेडल जोरात दाबलं की चाकाची खुर्ची मागं पळते, हे कुठल्याच मेनूत लिहिलेलं नाही. खुर्चीची चाकं जुन्या बुटांत बसवावीत आणि पेडल भिंतीला टेकवावं. पाच बूट लागतात, म्हणजे घरात एक बूट एकटा उरतो. त्याची चौकशी होते.

राहिला रिवाइंड. त्याला मी गाडीत राहू देतो. सरावात तोच कामाचा: एकच वळण दहा वेळा मागं नेऊन घोटता येतं. पण एप्रिलमध्ये, शेवटच्या लॅपला, पहिल्या नंबरावर असताना लाईट जाते. इन्व्हर्टरवर पंखा आणि एक बल्ब. लाईट आल्यावर गेम विचारतो, शर्यत पहिल्यापासून सुरू करायची का?